तुलनाचिन्हांचा पाठ : सीमेवरील संख्येचा विचार

संगणकास आज्ञा देण्याचे शिक्षण आता महाविद्यालयांपुरते राहिलेले नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यात आज्ञावलीलेखनाशी निगडित उपक्रम घ्यावेत असे म्हटले आहे. आणि ज्या शाळांत संगणक पोचले आहेत तेथे शिक्षकबंधू व भगिनी आपापल्या परीने हे काम करू लागले आहेत. अशा पाठांचे निरीक्षण करताना एक गोष्ट वारंवार नजरेस येते. लहान-मोठे दाखविणारी चिन्हे मुलांस प्राथमिक वर्गांपासूनच परिचित असतात. त्यामुळे आज्ञावलीत ती आली म्हणजे शिक्षक "हे तर तुम्हांस ठाऊकच आहे" असे म्हणून पाच मिनिटांत पुढे सरकतात. वस्तुतः नवशिक्यांच्या आज्ञावल्यांत जितक्या चुका होतात, त्यांतील फार मोठा वाटा ह्याच सोप्या वाटणाऱ्या चिन्हांचा असतो. आणि त्या चुका अशा असतात की, आज्ञावली चालते, उत्तर देते, बहुतेक वेळा ते बरोबरही असते, आणि एका विशिष्ट संख्येपाशी मात्र गुपचूप चुकते.

सहावीच्या एका वर्गातील उदाहरण घेऊ. मतदानाचा अधिकार कोणास आहे हे सांगणारी आज्ञावली मुलांनी लिहिली होती. नागरिकशास्त्रात "१८ वर्षांवरील" असे शब्द त्यांच्या कानांवर पडलेले होते, म्हणून त्यांनी अट घातली : वय > १८. मग आज्ञावली चालवून पाहिली. २५ घातले, अधिकार आहे असे उत्तर आले. १० घातले, नाही असे आले. वर्ग आनंदला. १८ घालून कोणी पाहिले नाही. ते घातले असते तर संगणकाने "अधिकार नाही" असे निःशंकपणे सांगितले असते. भारतीय संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदात मात्र वय १८ वर्षांहून कमी नसावे अशी शब्दयोजना आहे. (ही वयोमर्यादा पूर्वी २१ होती, ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ साली ती १८ वर आली.) म्हणजे ज्याच्यासाठी घटनादुरुस्ती झाली, तो नुकताच अठरा वर्षांचा झालेला तरुणच ह्या आज्ञावलीने दाराबाहेर ठेवला. अट असावयास हवी होती : वय >= १८.

ह्या चुकीचे मूळ गणितात नाही, भाषेत आहे. म्हणून तुलनाचिन्हांच्या पाठाचा आरंभ फळ्यावर चिन्हे काढून करण्याऐवजी मराठी शब्दांपासून करावा असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या बोलण्यात तुलनेचे शब्द विपुल आहेत, आणि त्यांतील बरेचसे अगदी नेमके आहेत. "किमान", "निदान", "कमीत कमी", "हून कमी नसावे" हे शब्द सीमेवरील संख्येस आत घेतात; त्यांचे चिन्ह >=. "कमाल", "जास्तीत जास्त", "पर्यंत", "हून अधिक नसावे" हेही तिला आत घेतात; त्यांचे चिन्ह <=. "पेक्षा जास्त", "हून अधिक", "ओलांडल्यास" हे तिला बाहेर ठेवतात, आणि "पेक्षा कमी" हेही. परंतु "च्या वर", "च्या आत", "वरील", "खालील" ह्या शब्दांचा भरवसा नाही. "पाचशेच्या आत पाहिजे" असे बाजारात म्हणणारा मनुष्य नेमके पाचशे रुपये देण्यास तयार असतो की नसतो? बोलणारा आणि ऐकणारा समोरासमोर असतात तोवर ही संदिग्धता निभावून जाते, कारण एकाने विचारावे व दुसऱ्याने सांगावे इतकेच लागते. संगणक विचारीत नाही. जे चिन्ह दिले त्याप्रमाणे तो निवाडा करतो.

आपल्या जिल्ह्यातील मुलांस ह्याचे उत्तम उदाहरण धानाचे देता येईल. आधारभूत किमतीने धान खरेदी करताना ओलाव्याची कमाल मर्यादा १७ टक्के असते. खरेदी केंद्रावर यंत्राचा काटा किंवा आकडा १७ दाखवितो तेव्हा धान घ्यावयाचे की परत पाठवावयाचे, हा प्रश्न ज्याच्या घरचे पोते त्या केंद्राच्या ओट्यावर पडलेले आहे अशा मुलास शिकवावा लागत नाही. "कमाल १७" म्हणजे १७ चालतात. अट : ओलावा <= १७. कोणी घाईने ओलावा < १७ असे लिहिले तर त्या एका चिन्हाने शेतकऱ्याचे धान पुन्हा वाळवणीस जाईल.

येथे एक खुलासा केला पाहिजे. ह्या लेखातील उदाहरणे पायथन ह्या भाषेच्या वळणाने दिली आहेत. त्या भाषेतील आज्ञाशब्द रोमन लिपीत टंकावे लागतात; येथे ते उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापले आहेत. आकडेही संगणकावर आंतरराष्ट्रीय अंकांत टंकावेत. चलांची नावे मात्र, म्हणजे "वय", "ओलावा", "विद्यार्थी" ही नावे, पायथनच्या आजच्या आवृत्तीत देवनागरीत ठेवता येतात, आणि आरंभीच्या पाठांत ती अवश्य तशी ठेवावीत.

आता चिन्हांकडे वळू. एकूण चिन्हे सहा आहेत आणि मुले ती पाठ करतात. पाठ करण्याची काही गरज नाही. वर्गात एक तराजू आणावा. किराणा दुकानातील साधा दोन पारड्यांचा असला तर उत्तम. एका पारड्यात एक वस्तू, दुसऱ्यात दुसरी. तराजू किती प्रकारची उत्तरे देऊ शकतो, हे मुलांस विचारावे. डावे पारडे वर गेले, दोन्ही सारखी राहिली, डावे पारडे खाली आले. तीनच. चौथे उत्तर जगात कोणत्याही तराजूने दिलेले नाही. संगणकाचे यंत्रही पोटात बहुधा असेच काहीसे करते. दोन संख्यांची वजाबाकी करते व बाकी ऋण आली, शून्य आली की धन आली हे पाहते.

फळ्यावर तीन खाने काढावेत आणि त्यांत लहान, समान, मोठा असे लिहावे. मग एकेक चिन्ह घेऊन त्या चिन्हास कोणते खाने मान्य आहेत ते मुलांकडून रंगवून घ्यावे. < ह्यास केवळ पहिला खाना मान्य; == ह्यास केवळ मधला; > ह्यास केवळ तिसरा. <= ह्यास पहिला व मधला, >= ह्यास मधला व तिसरा. आणि != म्हणजे "समान नाही", ह्यास दोन्ही टोकांचे खाने मान्य, मधला अमान्य. तीन चिन्हे एकेक खान्याची, तीन चिन्हे दोन-दोन खान्यांची. हे चित्र एकदा डोळ्यांत बसले म्हणजे पाठांतराचा प्रश्नच उरत नाही. शिवाय दोन-दोन खान्यांच्या चिन्हांत आधी लहान-मोठ्याची खूण व मग बरोबरीची रेघ असा क्रम का आहे हेही सांगता येते : आपण "मोठा किंवा समान" असे म्हणतो त्याच क्रमाने ते लिहावयाचे. => असे उलटे लिहिल्यास पायथन ते स्वीकारीत नाही.

ह्या चिन्हांचा इतिहास मुलांस थोडक्यात सांगावा, कारण तो मनोरंजक आहे. बरोबरीचे = हे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड ह्या वेल्समधील गणितज्ञाने १५५७ साली आपल्या पुस्तकात प्रथम वापरले. एकाच लांबीच्या दोन समांतर रेघांहून अधिक सारख्या अशा दोन वस्तू कोणत्या असणार, असा त्याचा युक्तिवाद होता. < आणि > ही चिन्हे थॉमस हॅरियट ह्याच्या ग्रंथात आढळतात. तो ग्रंथ हॅरियटच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १६३१ साली छापला गेला. पुढे संगणक आले तेव्हा गंमत अशी झाली की, पत्र्यांवर म्हणजे जाड कागदाच्या कार्डांवर छिद्रे पाडून मजकूर भरणाऱ्या त्या काळच्या यंत्रांत ही लहान-मोठ्याची चिन्हेच नव्हती. म्हणून फोर्ट्रान ह्या भाषेत "मोठे" ह्या अर्थाच्या शब्दांची दोन आद्याक्षरे दोन टिंबांमध्ये लिहून काम भागवीत. चिन्ह हे सोयीसाठी असते. खरे महत्त्व कोणते खाने रंगविले ह्याला आहे.

तीन खान्यांच्या चित्राचा सर्वांत मोठा उपयोग विरुद्धार्थाच्या वेळी होतो. भाषेच्या तासाला आपण "लहान" चा विरुद्धार्थी शब्द "मोठा" असे शिकवितो. ते तेथे योग्यच आहे. परंतु आज्ञावलीत "लहान" चे उलट "मोठा" नव्हे. "लहान नाही" हे आहे. पहिला खाना पुसला म्हणजे उरतात ते दोन खाने, मधला आणि तिसरा. म्हणून < चे उलट >=, आणि > चे उलट <=. शिक्षकांनी ह्या मुद्द्यावर थांबावे, घाई करू नये. दोन विद्यार्थ्यांस पुढे बोलावून "रमेश सुरेशपेक्षा उंच नाही" ह्या वाक्यावरून काय सिद्ध होते असे विचारावे. बहुसंख्य मुले "सुरेश उंच आहे" असे म्हणतील. मग एकाच उंचीची दोन मुले शेजारी उभी करावीत. त्या क्षणी वर्गात जी शांतता पसरते ती पाठ यशस्वी होत असल्याची खूण समजावी.

ज्या शाळांत स्क्रॅच नावाची चौकटी जोडून आज्ञावली करण्याची पद्धत वापरली जाते, त्यांना तर हे समजल्यावाचून गत्यंतर नाही. स्क्रॅचमध्ये तुलनेच्या चौकटी तीनच आहेत : <, =, >. "किमान १८" असे म्हणावयाचे झाल्यास ती चौकट तयार मिळत नाही. तेव्हा "नाही" ही चौकट घेऊन तिच्या पोटात "वय < १८" बसवावे. आपल्या कायद्यांची "हून कमी नसावे" ही जी भाषा आहे, ती येथे जशीच्या तशी उतरते. कायदा लिहिणाऱ्यांनी ही शब्दरचना निष्कारण स्वीकारलेली नाही.

बरोबरीच्या चिन्हाविषयी स्वतंत्र सांगणे भाग आहे. पायथनमध्ये = आणि == ही दोन वेगळी चिन्हे आहेत आणि मुलांचा त्यांत हटकून गोंधळ होतो. "दोन वेळा बरोबर लिहावे" असा नियम सांगून हा गोंधळ जात नाही. मराठीत ह्याचे उत्तर एका अक्षरात आहे. "वय १४ आहे" हे विधान झाले; "वय १४ आहे का?" हा प्रश्न झाला. एकेरी चिन्ह पहिल्यासारखे. वय = १४ म्हणजे वय नावाच्या डबीत १४ ठेव. दुहेरी चिन्ह दुसऱ्यासारखे. वय == १४ म्हणजे त्या डबीत १४ आहेत का, ते पाहून सत्य की असत्य एवढे सांग, डबीस हात लावू नको. दुसरी रेघजोडी म्हणजे आपला "का". मुलांनी आज्ञावली मोठ्याने वाचताना == आले की "का" म्हटलेच पाहिजे असा दंडक घालावा. अटीच्या जागी चुकून एकेरी चिन्ह पडले तर पायथन तेथेच अडतो व चूक दाखवितो. १९७२ च्या सुमारास तयार झालेली सी ही भाषा मात्र सामान्यतः अडत नाही. ती मुकाट्याने डबीत १४ ठेवते आणि अट खरी धरून पुढे चालू लागते. पुढे वरच्या शाळेत जाऊन सी शिकणाऱ्या मुलांस "का" ची सवय तेथे कामास येईल.

बिरसी परिसरातील शाळांतून दोन अटी एकत्र करण्याचा पाठ घ्यावयाचा असेल तर त्याचे साहित्य शाळेच्या डोक्यावरूनच जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेल्या येथील धावपट्टीवर वैमानिकांच्या प्रशिक्षणाचे काम अनेक वर्षे चालत आले आहे, आणि लहान विमानांच्या घिरट्या येथील मुलांच्या नित्य परिचयाच्या आहेत. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळण्यासाठी अनेक अटी असतात. त्यांपैकी दोन घ्याव्यात. वय १८ वर्षांहून कमी नसावे, आणि उड्डाणाचे एकूण तास २०० हून कमी नसावेत. आज्ञावलीत : वय >= १८ आणि तास >= २००. आता मुलांनी ही अट तपासण्यासाठी कोणत्या जोड्या घालून पाहाव्यात? त्यांची पहिली प्रवृत्ती "वय ३०, तास ५००" अशी असते. त्यातून काहीही कळत नाही. १८ आणि २०० ही जोडी घातली पाहिजे; १७ आणि २०० घातली पाहिजे; १८ आणि १९९ घातली पाहिजे. पहिलीस "होय" आणि उरलेल्या दोन्हींस "नाही" आले म्हणजे दोन्ही चिन्हे जागेवर आहेत असे समजावे. एक तास कमी भरलेला विद्यार्थी कितीही हुशार असला तरी त्यास आणखी एक तास उडावेच लागते, ही गोष्ट मुलांस कठोर वाटते खरी. पण नियम कोठेतरी थांबला पाहिजे, आणि कोठे थांबला ते चिन्हाने नेमके सांगितले पाहिजे.

सीमेवर चूक झाली तर काय होते, ह्याचे गंभीर उदाहरण अंगणवाडीत मिळते. सहा महिने ते पाच वर्षांखालील बालकाच्या दंडाचा घेर मोजण्याची रंगीत पट्टी आपण सर्वांनी पाहिली आहे. घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास तांबडा भाग, म्हणजे तीव्र कुपोषण, ११.५ पासून १२.५ पेक्षा कमी असेपर्यंत पिवळा, म्हणजे मध्यम कुपोषण, १२.५ व त्यापुढे हिरवा. येथे "पेक्षा कमी" आणि "पासून" हे दोन शब्द शेजारी शेजारी उभे आहेत, आणि ते तसे असल्यामुळेच ११.५ ही संख्या दोन्ही गटांत पडत नाही व दोन्हींतून निसटतही नाही. आज्ञावली लिहिताना कोणी पहिल्या गटास घेर < ११५ आणि दुसऱ्यास घेर > ११५ अशी अट घातली (मापे मिलिमीटरमध्ये घेतली आहेत), तर नेमके ११५ मिलिमीटर घेर असलेले बालक कोणत्याच यादीत येणार नाही. त्याचे नाव गळाले हे कोणाच्या लक्षातही येणार नाही, कारण गळालेल्या नावाची यादी होत नसते. मधल्या गटाची योग्य अट पायथनमध्ये ११५ <= घेर < १२५ अशी सलग लिहिता येते, आणि गणितात आपण लिहितो तशीच ती दिसते. सर्व भाषांत ही सवलत नाही. सी भाषेत असे लिहिल्यास ती आधी डावीकडची तुलना उरकून तिचे उत्तर ० किंवा १ धरते व मग ते १२५ हून लहान आहे का असे पाहते. ते नेहमीच लहान असणार. तेथे दोन अटी सुट्या लिहून "आणि" ने जोडाव्या लागतात.

मापे मिलिमीटरमध्ये का घेतली, असा प्रश्न वाचकांस पडला असेल. संगणक दशांश अपूर्णांक आपल्या पद्धतीने साठवीत नाही. तो दोनच्या घातांनी हिशेब ठेवतो, आणि एक दशांश ही संख्या त्या पद्धतीत पुरती मावत नाही. आपल्या पद्धतीत एक तृतीयांश मावत नाही तसेच हे आहे. परिणामी ०.१ ची तिप्पट ०.३ आहे का असे विचारल्यास पायथन "असत्य" असे उत्तर देतो. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या विद्यार्थ्यास दररोज १०० ग्रॅम धान्य धरले जाते. तीन मुलांचे तांदूळ किलोग्रॅममध्ये मोजून ०.१ * ३ == ०.३ अशी अट घातली तर हिशेब जुळत नाही असे संगणक सांगेल, आणि बिचारा शिक्षक नोंदवही पुन्हा पुन्हा तपासत बसेल. ग्रॅममध्ये मोजून १०० * ३ == ३०० असे विचारले की तंटा मिटतो. दशांशांची बरोबरी विचारू नये; लहान एकक घेऊन पूर्ण संख्यांत विचारावे. रुपयांऐवजी पैसे, किलोऐवजी ग्रॅम, सेंटिमीटरऐवजी मिलिमीटर.

आणखी एक सापळा असा की, तो चिन्हात नसून चिन्हाच्या दोन्ही बाजूंस असलेल्या वस्तूंत आहे. हजेरीपटाची यादी संगणकावर क्रमाने लावली असता १, १०, ११, १२, २, २०, ३ असा विचित्र क्रम लागलेला पुष्कळांनी पाहिला असेल. तेथे संगणक त्या आकड्यांस संख्या समजत नाही, अक्षरे समजतो. अक्षरांची तुलना शब्दकोशाप्रमाणे होते : आधी पहिले अक्षर, ते सारखे असल्यास दुसरे. म्हणून अक्षरे म्हणून पाहिल्यास "९" हे "१०" पेक्षा मोठे ठरते, कारण ९ हे १ च्या पुढे येते. कळफलकावरून विचारून घेतलेले उत्तर पायथनमध्ये नेहमी अक्षररूपाने येते. त्याचे इंट् ह्या आज्ञेने संख्येत रूपांतर केल्याशिवाय ते तुलनेस घेऊ नये. रूपांतर न करता लहान-मोठे विचारले तर पायथन तक्रार करतो. पण == विचारले तर तक्रार करीत नाही, फक्त "असत्य" म्हणतो, आणि मुलगा "मी तर १८ च टंकले होते" म्हणून रडकुंडीस येतो. नावांच्या तुलनेतही मराठीपुरती एक अडचण आहे. आपल्या वर्णमालेत ळ हे अक्षर ह नंतर येते. संगणकाच्या सांकेतिक क्रमात ते ल च्या पाठोपाठ, व च्या आधी बसविलेले आहे. हा दोष तुमच्या आज्ञावलीचा नव्हे, एवढे मुलांस सांगून पुढे जावे.

आता शिडीचा पाठ. अनेक अटी एकाखाली एक लावून उत्तर शोधण्यास मी शिडी म्हणतो. ह्यासाठी शिक्षकांच्या अगदी जिव्हाळ्याचे उदाहरण उपलब्ध आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी पटावर किती शिक्षक असावेत ते दिले आहे : ६० पर्यंत दोन, ६१ ते ९० तीन, ९१ ते १२० चार, १२१ ते २०० पाच. (राज्यात प्रत्यक्ष संचमान्यता शासनाच्या वेळोवेळीच्या निर्णयांप्रमाणे होते, येथे अनुसूचीतील आकडे पाठाच्या सोयीसाठी घेतले आहेत.) दोनशेपर्यंतच्या शाळेसाठी आज्ञावली अशी होईल :

इफ् विद्यार्थी <= ६० :
  शिक्षक = २
एलिफ् विद्यार्थी <= ९० :
  शिक्षक = ३
एलिफ् विद्यार्थी <= १२० :
  शिक्षक = ४
एल्स :
  शिक्षक = ५

इफ् म्हणजे "जर", एलिफ् म्हणजे "नाही तर मग जर", एल्स म्हणजे "एरवी". येथे दुसऱ्या पायरीवर "६० पेक्षा जास्त आणि" असे पुन्हा लिहिलेले नाही, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे. पहिली पायरी जे गाळते तेच दुसरीवर उतरते. म्हणूनच पायऱ्यांचा क्रम बदलता येत नाही. सर्वांत वर विद्यार्थी <= १२० ही पायरी ठेवली तर ४० मुलांच्या शाळेसही चार शिक्षक मिळतील. ऐकण्यास गोड वाटले तरी ते उत्तर चुकीचे आहे. उलट वरच्या पायरीवर <= ऐवजी < लिहिले, तर नेमक्या ६० मुलांच्या शाळेस कागदावर तिसरा शिक्षक मिळेल आणि पडताळणीत जाईल. साठ आणि एकसष्ट ह्यांत अंतर एकाच मुलाचे. दुर्गम गावात ते एकसष्टावे मूल म्हणजे एका शिक्षकाचे पद असते, आणि ते पद म्हणजे एकाच खोलीत तीन वर्ग सांभाळणाऱ्याचा सुटलेला एक वर्ग. हे मी आपणांस सांगावे असे नाही. तुलनाचिन्ह ही क्षुल्लक गोष्ट नव्हे हे ह्या उदाहरणाने जितके पटते तितके दुसऱ्या कशाने पटत नाही.

संगणक नसलेल्या शाळेतही हा सर्व पाठ घेता येतो, किंबहुना पहिल्यांदा तसाच घ्यावा. अंगणात चुन्याने चार चौकोन आखावेत, प्रत्येकात २, ३, ४, ५ असे आकडे लिहावेत. तीन मुले पायऱ्या होऊन रांगेत उभी राहतात. प्रत्येकाच्या हातात त्याची अट लिहिलेला पुठ्ठा. उरलेली मुले पटसंख्येच्या चिठ्ठ्या घेऊन एकेक करून रांगेपाशी येतात. पहिला अट वाचतो, खरी असल्यास चिठ्ठीवाल्यास आपल्या चौकोनात धाडतो, खोटी असल्यास पुढच्याकडे पाठवितो. चिठ्ठ्या करताना ५, ५०, १०० असे गोल आकडे मुळीच घेऊ नयेत. ५९, ६०, ६१. ८९, ९०, ९१. ११९, १२०, १२१ एवढेच घ्यावेत. सीमा, तिच्या अलीकडची एक आणि पलीकडची एक, अशा तीन-तीन चिठ्ठ्या. नऊ चिठ्ठ्यांत शिडी पूर्ण तपासून होते. ह्याच मुलांस पुढे संगणकावर बसविले असता ती आज्ञावली झाल्याबरोबर आपण होऊन सीमेवरची संख्या घालून पाहतात.

येत्या शिक्षण परिषदेसाठी शिक्षकांनी पुढील स्वाध्याय सोडवून आणावा. वर दिलेल्या अनुसूचीत आणखी एक ओळ आहे : १५० पेक्षा अधिक मुले असल्यास पाच शिक्षक व एक मुख्याध्यापक. ही ओळ "१२१ ते २०० पाच" ह्या ओळीच्या पोटातच सुरू होते. ती वरील शिडीत एक पायरी म्हणून बसविता येते की तिच्यासाठी स्वतंत्र अट लिहावी लागते, ह्याचा विचार करून दोनशेपर्यंतच्या पटासाठी आज्ञावली पूर्ण करावी आणि कोणते चिन्ह कोठे वापरले व का, ते शेजारी मराठीत लिहावे. १२०, १२१, १५०, १५१ आणि २०० ह्या पाच पटसंख्यांची उत्तरे आधी हाताने काढून ठेवावीत व मग संगणकाच्या उत्तरांशी ताडून पाहावीत. ज्यांच्या शाळेत संगणक नाही त्यांनी पुठ्ठ्यांची रांग करून तपासावे.